व्रणोपचारक आणि हळू सुटणारी गोळी

मी डोंगरकडा गावी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव, गाव, पगार यांतलं काहीच विचारलं नाही. आधी मला अंगणात चालायला लावलं. दारापासून तुळशीपर्यंत आणि तुळशीपासून परत दारापर्यंत. स्वतः बाजेवर बसून ते माझ्या पायांकडे बघत होते. मग म्हणाले, "डाव्या पायावर भार कमी देऊन राहिली तू. लहानपणी पडली व्हतीस का?"

मी पडले होते. चौथीत असताना, चिंचेच्या झाडावरून. घरच्यांशिवाय ते कुणाला माहीत नव्हतं.

"मोडलं न्हवतं, मुरगळलं व्हतं. कुणी नीट बांधलं न्हाई," एवढं बोलून त्यांनी आत हाक मारली, "अगं, चहा टाक. पोरगी राहायला येऊन राहिली."

मी तेव्हा डी.फार्म. करून गावातल्या मेडिकल दुकानात नुकतीच लागले होते. त्या खोलीत मी सहा वर्षं काढली.

ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, अडलेल्या गाईला मोकळं करणं, हे त्यांचं छत्तीस वर्षांचं काम. गाव त्यांना डाक्टर म्हणायचं आणि ते प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करायचे, "डाक्टर साहेब येगळे. मी व्रणोपचारक." हा शब्द गावात कुणालाच धड म्हणता येत नसे, त्यामुळं दुरुस्तीचा उपयोग शून्य. मी त्यांना मामा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मामी. घरी ते मला 'पोरी' म्हणत, पण दुकानात आले की 'बाई' आणि 'तुमी'. कामावर असलेल्या माणसाला अरेतुरे करायचं नाही, असा त्यांचा नियम होता. दवाखान्यातल्या बैलालाही तो दाखल असेपर्यंत ते शिवी देत नसत, असं मामी सांगायची.

माणसांना ते जनावरांसारखंच तपासायचे. एकदा मला ताप आला तर त्यांनी कपाळाला हात न लावता माझे कान चाचपले. "कान गार हायत. ताप उतरणार आता," म्हणाले, आणि तासाभरात उतरला. कुणी भेटायला आलं की 'जेवलात का' असं न विचारता 'रवंथ बराबर चालू हाय ना' असं विचारायचे. नव्या माणसाला राग यायचा. आता मी दुसऱ्या तालुक्यात आहे, आठ-पंधरा दिवसांनी फोन करते, तर अजूनही पहिला प्रश्न हाच असतो.

मामांना सांध्यांचा आमवात होता. बोटांची पेरं सुजून हळकुंडासारखी झालेली. सकाळी उठल्यावर हात लाकडासारखे ताठ असायचे. मूठ वळत नसे, शर्टाचं बटण लागत नसे. पायजम्याची नाडी मामी बांधायची. चहाचा ग्लास ते दोन्ही मनगटांत धरायचे आणि ऊब हातात उतरेपर्यंत तसेच बसून राहायचे. साधारण दहाच्या सुमारास हात मोकळे व्हायचे. तोवर ते घराबाहेर पडत नसत. कुणी दारात आलं तर मामी सांगायची, "पूजेला बसलेत." त्या घरात मामांना पूजा करताना मी एकदाही पाहिलं नाही.

मामीनं मला एकदा भाकरी थापता थापता सांगितलं होतं. "आधीचे हात तू बघाया पाहिजे व्हते. म्हैस अडली की रातच्याला लोक न्यायला यायचे. खांद्यापर्यंत हात आत घालायचे आन् वासराचा पाय कुठं अडकला ते डोळे मिटून सांगायचे. डाक्टर साहेबालाबी जमायचं न्हाई." मग तिनं भाकर तव्यावर टाकली.

नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना दोन औषधं दिली होती. एक मूळ आजारावरचं, आणि एक दुखण्यावरची गोळी, हळूहळू सुटणारी. रात्री जेवल्यावर घ्यायची. पोटात ती थोडी थोडी औषध सोडत राहते, त्यामुळं पहाटेच्या ताठरपणाच्या वेळीही औषध रक्तात असतं. मी हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून बघितली.

"हिला कसं कळतं सकाळ झाली म्हून?"

"तिला कळत नाही मामा. तिची बनावटच तशी असते. सावकाश झिरपते."

"आन् माझ्या पोटात झिरपली का न्हाई, हे तुला कसं कळतं?"

दुसऱ्या दिवशी खिडकीत तीन वाट्या दिसल्या. एकीत पाणी, एकीत लिंबूपाणी, एकीत ताक, आणि प्रत्येकीच्या तळाशी एक गोळी. शेजारी पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'हात लावू नये.' मामा मनगटावरचं घड्याळ बघत तासातासाला काडीनं गोळी टोचून बघत होते. दुपारी मामीनं ताकाची वाटी नालीत ओतली. "दोन दिवसांचं ताक हाय, घरभर वास सुटलाय," ती म्हणाली. मामांनी तो दिवसभर तिच्याशी अबोला धरला, आणि संध्याकाळी जाहीर केलं की पाण्यात गोळी विरघळली नाही, नुसती फुगली.

त्यानंतर काही दिवसांनी ते अकराच्या सुमारास दुकानात आले. गिऱ्हाइकं होती. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, काउंटरवर ठेवली आणि हळूच उघडली. आत कापसावर फिकट रंगाचं काहीतरी होतं. मला वाटलं, दात पडला.

"वळखता का बाई?"

"काय आहे?"

"तुमची गोळी. परवा गिळली, आज सकाळी निघाली. जशीच्या तशी."

समोर उभ्या असलेल्या दोन बायका चटकन मागं सरकल्या. मीही सरकले. मामा शांतपणे म्हणाले, "धुतली हाय. साबणानं."

छत्तीस वर्षं रोज शेण तपासणारा माणूस स्वतःचं तपासणं सोडणार नव्हता, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. हसू आवरत मी सांगितलं की असं होतं, काळजीचं कारण नाही. औषध झिरपून शरीरात जातं आणि वरचा सांगाडा तेवढा बाहेर पडतो. रस काढल्यावर उसाचं चिपाड उरतं, तसं.

"चिपाड," ते म्हणाले. त्यांनी काडेपेटी मिटली. "मग चिपाडाचं वजन कमी भरलं पाहिजे."

तिथून ते थेट सोनाराकडं गेले. सोनाराला वाटलं, कुठला तरी खडा असेल. त्यानं तो चिमट्यात धरून उजेडात निरखला, नाकाशी नेला, मग काट्यावर ठेवला. दुसऱ्या पारड्यात मामांनी पट्टीतली कोरी गोळी ठेवली. फरक होता, पण थोडा. वस्तू कुठून आली, हे मामांनी सोनाराला आजतागायत सांगितलेलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर त्यांनी मला निकाल ऐकवला. निम्म्याहून जास्त गोळी वाया जाऊन राहिली. मी म्हणाले, वजन औषधाचं नसतं, औषध धरून ठेवणाऱ्या मालाचं असतं.

"हे तू बघितलं का पुस्तकात वाचलं?"

"पुस्तकात."

"मग मी बघितलेलं खरं."

"पण मामा, आख्खीच घ्यायची हं," मी म्हणाले. ते 'बरं' म्हणाले. आख्खीच का, हे मी सांगितलं नाही. हा गमतीचा किस्सा उद्या दुकानात कसा सांगायचा, याच विचारात मी होते.

त्यानंतर रोज सकाळी स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, मामी चहाला आलं कुटते आहे. दोन्ही तळव्यांत बत्ता धरून मामा गोळी कुटत होते. गुळाच्या खड्यात घालून, बैलाला देतात तशी लाडू करून, सकाळी सकाळी गिळत होते. आठच्या आत त्यांची मूठ वळायला लागली, नाडी स्वतः बांधता यायला लागली. मामीला वाटलं, नांदेडचा डॉक्टर चांगला निघाला. ते तूप-भाकरी खाऊन गोळी घ्यायचे, पोटही दणकट होतं, त्यांना काही झालं नाही. आपण शोध लावला, अशी त्यांची खात्री पटली. आणि मामांना एखादी गोष्ट पटली की ती ते एकट्याजवळ ठेवत नसत.

गावाजवळच्या माळावर बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथले नाईक मामांचे जुने दोस्त. वय सत्तरीच्या पुढं, उंच, किडकिडीत, पिढ्यान् पिढ्या बैलांच्या पाठीवरून माल नेणाऱ्या घरातले, आता केळी आणि हळद करणारे. बाजाराच्या दिवशी ते आमच्या ओट्यावर यायचे आणि दोघं तासभर भांडायचे. कुठल्या सालच्या पोळ्याला कुणाचा बैल लंगडत होता, असल्या गोष्टींवरून. नाईकांचे गुडघे गेले होते. त्यांनाही डॉक्टरांनी तशीच हळू सुटणारी गोळी लिहून दिली होती. ती त्यांनी माझ्याच दुकानातून नेली. बाजाराची गर्दी होती. मी पट्टी कागदात गुंडाळली आणि म्हणाले, "रोज रात्री जेवल्यावर एक." पट्टीच्या मागं मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, कुटू नका, चावू नका, आख्खी गिळा. नाईकांना मराठीही वाचता येत नव्हतं.

ओट्यावर मामांनी त्यांना सांगितलं, "आख्खी घेऊन फायदा न्हाई. सकाळी कुटून घे. लवकर गुण येतो."

महिनाभरानंतरची गोष्ट. रविवार होता, दुकान बंद. दुपारी मी मामीबरोबर शेंगा फोडत बसले होते. मामांच्या फोनवर नाईकांच्या सुनेचा फोन आला. तांड्यावर काहीही झालं तरी पहिला फोन मामांनाच यायचा, मग जनावर असो की माणूस. तिचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. सासरा सकाळपासून झोपून आहे, उठला की चक्कर येते, आत्ता मोरीत पडला.

मामांनी विचारलं, "संडास कसं झालं?"

"काळं."

"डांबरावानी? चिकट?"

"व्हय. दोन दिस झाले म्हणतेत."

"डोळ्याची खालची पापणी ओढून बघ. आतून लाल हाय का पांढरी?"

मग ती म्हणाली, "पांढरीफटक."

मामा उभे राहिले. "पोटात रगत सुटलंय. काळी-पिवळी जीप बोलाव, त्याला आडवाच घाल. पाणीबी पाजू नको. मी सडकेवर येऊन राहिलो." फोन ठेवून ते शर्ट चढवायला लागले. माझ्या मनात एकाएकी काहीतरी आलं. मी विचारलं, "मामा, नाईक गोळी कशी घेतात?"

ते बटण लावता लावता थांबले. "कुटून. काहून?"

"ती कुटायची नसते. रात्रभराचं औषध एका झटक्यात पोटात सुटतं. पोटाला जखम होऊ शकते."

मामा खालच्या आवाजात म्हणाले, "मीच सांगितलं त्याला."

"मी दिली तेव्हा काही बोलले नाही," मी म्हणाले.

मामीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि उरलेली बटणं लावून दिली.

त्या जीपमध्ये मीही होते. नाईक मागच्या सीटवर आडवे, डोकं मामांच्या मांडीवर. समोर त्यांचा मुलगा. नाईकांचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. मामा दर दोन मिनिटांनी त्यांचा कान चाचपत होते. अर्धापूर येईपर्यंत त्यांनी मुलाला विचारून घेतलं, नाईक गोळी सकाळी उपाशीपोटीच घ्यायचे.

नांदेडच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं विचारायला सुरुवात करायच्या आधीच मामांनी सगळं सांगितलं. गोळीचं नाव, किती दिवस, कुटून, उपाशीपोटी, दोन दिवसांपासून काळं संडास. डॉक्टर लिहीत होता. त्यानं मान वर केली. "कुटून घ्यायला कुणी सांगितलं?"

नाईकांचा मुलगा तिथंच उभा होता. त्याला हे माहीत नव्हतं.

"मी," मामा म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई. ढोराच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायचो."

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. मुलगा मामांच्या शेजारून निघून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. रक्त लागलं. एक बाटली मुलानं दिली, एक मी. दुर्बीण घालून पोटातली जखम बंद केली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "वेळेत आणलंत. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं." हे ऐकून मामांना आनंद होईल असं मला वाटलं. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

नाईक आठवडाभर दवाखान्यात होते. मामा त्या दिवसांत ओट्यावर आले नाहीत. खलबत्ता मामीनं माळ्यावर टाकला. मग एका सकाळी, आठ वाजता, ते माझ्या दारात उभे. हात ताठ, शर्टाची बटणं उघडी.

"पोरी, मी आजून कुणाकुणाला सांगितलं ते आठवून राहिलो. अकरा लोक हायत. तू संगं ये. कोणती गोळी कुटायची आन् कोणती न्हाई, ते मला कळत न्हाई."

दोन दिवस आम्ही गावात फिरलो. प्रत्येक दारात ते एकच वाक्य म्हणायचे, "मी तुमाला चुकीचं सांगितलं." मग गोळ्यांच्या पट्ट्या मागवायचे आणि मी त्या बघायचे. त्या उघड्या बटणांनी, न वळणाऱ्या बोटांनी लोकांनी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. कुणी हसलं नाही. एक म्हातारी मात्र म्हणाली, "मी कुठं कुटली? तुमचं कोण ऐकतं डाक्टर." घरी येताना मामा म्हणाले, "बरं झालं तिनं ऐकलं न्हाई." पण त्यांना ते थोडं लागलंही होतं.

दुकानात मी तेव्हापासून प्रत्येक पट्टी मोडून देताना बोलते. गर्दी असली तरी बोलते. गिऱ्हाईक कंटाळतं, मालक पुटपुटतो.

अकरा घरं झाली, तांडा राहिला. नाईक घरी येऊन पंधरा दिवस झाले तरी मामांचा पाय तिकडं वळेना. शेवटी मामीच म्हणाली, "जाऊन या. हाकललं तर हाकललं. इथं बसून तर काय करून राहिले?"

एका दुपारी मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून नेलं. त्या दिवसांत दुखणं वाढलं होतं, दुपारीही बोटांनी धरता येत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्ही कोपरं माझ्या कमरेशी दाबून धरली होती. तांड्यावर नाईक लिंबाखाली बाजेवर टेकून बसले होते. अंग निम्मं झालेलं. मुलगा दारात दोर वळत होता. आम्हाला पाहून त्यानं मान खाली घातली आणि दोर वळत राहिला. 'या' म्हणाला नाही, 'बसा' म्हणाला नाही. सून आतूनच बघत होती.

मामा बाजेपासून चार पावलांवर उभे राहिले. गावात अकरा दारांत म्हटलेलं ते वाक्य त्यांना तिथं म्हणता आलं नाही. मग म्हणाले, "तुझा जीव घेतला असता मी."

नाईकांनी उशाखाली हात घातला आणि गोळ्यांची एक पट्टी काढली.

"काल नांदेडला दाखवून आलो. ही नवी दिली, पोटाची. कशी घ्यायची सांग."

"हिला इचार," मामांनी माझ्याकडं बोट केलं. "हिला कळतं."

"तिला न्हाई. तुला इचारून राहिलो."

मामांनी पट्टी घेतली. डोळ्यांपासून लांब धरली, जवळ आणली. मग माझ्याकडं दिली. "ते बारीक अक्षर वाच."

मी वाचलं. त्यांनी विचारलं, "कुटली तर काय व्हतं?" मी सांगितलं की पोटातल्या आम्लात हिचं औषध मरून जातं, म्हणून वर कवच असतं. ते आतड्यात जाऊन सुटतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग ते नाईकांकडं वळले आणि एकेक शब्द सावकाश म्हणाले, "सकाळी. चहाच्या आदी. पाण्यासंगं. न मोडता."

"बरं," नाईक म्हणाले. त्यांनी पट्टी परत उशाखाली ठेवली. "तसंच घेतो."

मुलाच्या हातातला दोर थांबला. तो उठला, आत गेला, आणि दुसरी बाज घेऊन बाहेर आला. ती त्यानं बापाच्या बाजेला लावून टाकली.

"बसा, डाक्टरबाबा," तो म्हणाला.

मामा बसले. थोड्या वेळानं नाईकांनी कुठल्याशा लंगड्या बैलाचा विषय काढला, मामांनी ते खोडून काढलं, आणि मला त्यांना तिथून उठवायला दिवेलागण झाली.